काम गुप्त, वही उघडी: सायबर सुरक्षेतल्या ओजेटीचे ४ श्रेयांक कसे पदरात पाडायचे

कॉलेजातल्या मॅडमनी माझं ओजेटीचं (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कंपनीत घ्यायचं प्रशिक्षण) प्रमाणपत्र वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजूही बघितली आणि टेबलावरून माझ्याकडे परत सरकवलं. "तास कुठायत यात?"

प्रमाणपत्राला सोनेरी कडा होती, माझं नाव होतं, 'एक महिन्याचे प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण' असं छान अक्षरात होतं. तास नव्हते. रोजची नोंदवही दाखव म्हणाल्या, तर ती कंपनीच्या लॅपटॉपवर. आणि तो लॅपटॉप शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला जमा करून मी बार्शीच्या एसटीत बसले होते. कंपनीचं खातं त्याच रात्री बंद झालं. महिनाभर मी काय केलं याचा माझ्याजवळचा एकमेव पुरावा म्हणजे आईला रोज रात्री पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज. 'जेवायला उशीर झाला, अलर्ट आले होते.' 'आज काहीच नाही, नुसतं वाचन.'

त्या मेसेजांवरून आणि आमच्या टीम लीडनी त्यांच्या बाजूनं काढून दिलेल्या तिकिटांच्या (म्हणजे प्रत्येक कामाच्या क्रमांक दिलेल्या नोंदींच्या) यादीवरून मी २० दिवसांची वही पुन्हा लिहिली, पुण्याला परत जाऊन सह्या आणल्या, तेव्हा कुठं ४ श्रेयांक (क्रेडिट) मिळाले. आता मी पुण्यातच एका एसओसीत आहे, म्हणजे चोवीस तास अलर्टवर, संशयास्पद हालचालींच्या इशाऱ्यांवर, पाळत ठेवणाऱ्या टीममध्ये, आणि ओजेटीला आलेल्या पोरांच्या हजेरीपत्रकांवर सही करायचं काम माझ्याकडे येतं. टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्या, म्हणून हे लिहिते आहे.

आपल्या क्षेत्रातली गोची अशी की श्रेयांकासाठी पुरावा लागतो आणि सुरक्षेच्या कामात पुरावा बाहेर नेणं हाच गुन्हा. वेब डेव्हलपमेंटवाला स्वतःचं पान उघडून दाखवतो. आपण काय दाखवणार? ग्राहकाच्या सर्व्हरवर काय सापडलं ते? त्यामुळे ही तयारी पहिल्या दिवसाच्या आधीपासून करावी लागते.

आधी तासांचं गणित

श्रेयांक कॉलेज-विद्यापीठ देतं, कंपनी देत नाही. म्हणून सुरुवात कंपनी शोधण्यापासून करू नका, अभ्यासक्रमाच्या पीडीएफपासून करा. आपल्या विषयाची ओजेटीची पानं शोधून त्यांची प्रिंट काढा. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला, दुसऱ्या सत्रात, ओजेटी किंवा फील्ड प्रोजेक्ट ४ श्रेयांकांचा असतो. १ श्रेयांक म्हणजे ३० तास, म्हणजे एकूण १२०. रोज ६ तास धरले तर २० दिवस. पदवीच्या इंटर्नशिपसाठी यूजीसीच्या मार्गदर्शक सूचनांतही हाच हिशोब आहे: २ ते ४ श्रेयांक, ६० ते १२० तास.

इंजिनिअरिंगवाल्यांनी मात्र हे गणित उचलू नये. एआयसीटीईच्या इंटर्नशिप धोरणात १ श्रेयांकाला किमान ४० ते ४५ तास धरलेत. माझ्या चुलतभावानं माझ्याकडून '४ म्हणजे १२०' ऐकलं आणि १२० तास करून निवांत बसला. त्याला उरलेले तास दिवाळीच्या सुट्टीत भरावे लागले. अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

त्याच पानांवर आणखी तीन गोष्टी बघा: ओजेटी तासिका चालू असताना करायची की सुट्टीत, घरून ऑनलाइन चालते का, आणि गुण कुणाच्या हातात आहेत. आमच्याकडे १०० गुणांतले काही कंपनीचा मार्गदर्शक देई, उरलेले अहवाल आणि तोंडी परीक्षेला. ऑनलाइन चालतं की नाही हे तोंडी विचारून भागत नाही. 'चालतंय की' म्हणणारे सर जूनमध्ये दुसऱ्या कॉलेजला गेलेले असतात. ईमेल करा, उत्तर जपून ठेवा.

मग कागद. कॉलेजचं विनंतीपत्र, कंपनीचं स्वीकृतीपत्र, कॉलेजची परवानगी, काही ठिकाणी पालकांचं हमीपत्र. तारखांचा क्रम सांभाळा. परवानगीची तारीख रुजू होण्याच्या तारखेनंतरची असली, तर मधले दिवस हिशोबात धरत नाहीत. आमच्याकडे आलेल्या एका मुलाचे असे ९ दिवस गेले. काम झालं, चहा झाला, तास शून्य.

जागा कुठं शोधायची

सगळ्यांना 'एथिकल हॅकिंग'च करायचं असतं. पण १२० तासांच्या पाहुण्याला कुठलीही शहाणी कंपनी ग्राहकाच्या सिस्टीमवर हल्ल्याची चाचणी करू देत नाही. जे काम खरोखर मिळतं ते असं: अलर्टची प्राथमिक चाळणी, फिशिंग (फसवणुकीच्या) मेलची तपासणी, यंत्रांची यादी, जुन्या सॉफ्टवेअरचा आढावा, धोरणांचे मसुदे. रटाळ वाटेल. अहवाल मात्र यातूनच उत्तम निघतो.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं मान्यता दिलेल्या सुरक्षा ऑडिट कंपन्यांची यादी तिच्या वेबसाइटवर असते. मुंबई-पुण्यातल्या निवडा आणि एकेकीला वेगळा मेल लिहा. चाळीस पत्ते एकाच मेलमध्ये कोंबून पाठवलेला अर्ज मी स्वतः उघडतसुद्धा नाही, कारण पत्त्यांची काळजी न घेणाऱ्याला सुरक्षेच्या कामावर घेऊन करायचं काय?

पुण्याला खोली घेऊन राहणं परवडत नसेल, तर गावातली नागरी सहकारी बँक बघा. हे मला उशिरा सुचलं, तुम्हाला आधीच सांगते. रिझर्व्ह बँकेनं ३१ डिसेंबर २०१९ ला नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचा टप्पेवार आराखडा काढला. डिजिटल सेवा जितक्या जास्त तितके नियम कडक, असे त्यात चार स्तर आहेत. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडे अशा बँका गल्लोगल्ली, आणि त्यांच्या आयटी विभागात बऱ्याचदा दोनच माणसं: एक सर्व्हर बघतो, दुसरा प्रिंटर. संगणकांची पक्की यादी करणं, नोकरी सोडून गेलेल्यांची खाती अजून चालू आहेत का ते तपासणं, पासवर्ड आणि फिशिंगबद्दल कर्मचाऱ्यांना मराठीत शिकवणं, या कामांना त्यांना माणूस हवा असतो. कोअर बँकिंगला, म्हणजे ग्राहकांच्या खात्यांच्या मुख्य सिस्टीमला, हात लावू देणार नाहीत, मागूही नका. शाखाधिकाऱ्यांकडे जाताना तोंडानं 'काही काम आहे का' विचारू नका. 'मला १२० तास द्यायचेत, त्यात ही तीन कामं करून देईन' असं एका पानावर लिहून न्या.

आणि पैसे भरून मिळणारी इंटर्नशिप. नोंदणी शुल्क भरा, दोन तासांत ऑफर लेटर, चार टास्क, लिंक्डइनवर पोस्ट टाका, प्रमाणपत्र घ्या. कॉलेजनं मार्गदर्शकाचा नंबर मागितला की हे लोक गायब. ज्या ठिकाणी तुमचं काम बघून 'हे चुकलंय' म्हणणारा एकही माणूस नाही, तिथं तुमचे तास कोण मोजणार?

करारावर सही करण्याआधीचा एक मेल

रुजू होताना गोपनीयतेचा करार पुढ्यात येतो. सात-आठ पानं, बारीक टाइप. मी न वाचता सही केली. त्यात कंपनीतल्या कामाबद्दल 'कोणत्याही स्वरूपात' बाहेर सांगायचं नाही असं वाक्य होतं, आणि त्या वाक्यात माझा अहवालही बसत होता.

तुम्ही सही करण्याआधी कंपनीला एवढं लिहा, तुमच्या शब्दांत:

'माझ्या अभ्यासक्रमासाठी कॉलेजला नोंदवही आणि अहवाल द्यावा लागतो. त्यात ग्राहकांची नावं, आयपी पत्ते, वापरकर्त्यांची नावं, स्क्रीनशॉट आणि सापडलेल्या त्रुटींचा तपशील नसेल. कामाचा प्रकार, वापरलेली साधनं, तास आणि मी शिकलेली पद्धत एवढंच असेल. कॉलेजला देण्याआधी अहवाल आपल्याला वाचायला देईन. हे चालेल का?'

उत्तर 'हो' आलं की तो मेल स्वतःच्या खात्यावर मिळेल असं बघा. कंपनीच्या खात्यात राहिला तर माझ्या लॅपटॉपसारखाच जाईल. 'नाही' आलं तर कॉलेजातल्या गाइड सरांना लगेच सांगा. कॉलेज अहवालाऐवजी घरी स्वतःच्या लॅपटॉपवर उभारलेल्या प्रयोगशाळेतलं काम धरायला तयार होतं का, हे तेव्हाच ठरतं. महिन्यानंतर विचारलंत तर सर तरी काय करणार?

वही

कागदाची वही घ्या. ती ऑफिसात नेऊ नका. बऱ्याच एसओसीत टेबलावर कागद, मोबाइल काहीच चालत नाही, आणि तेच बरं. खोलीवर आल्यावर, जेवायच्या आधी, दहा मिनिटं लिहा. जेवल्यावर कुणी लिहीत नाही.

माझी पहिली नोंद अशी होती: 'अलर्ट बघितले. सरांनी समजावून सांगितलं.' यातून कुणाला काय कळणार? दुसऱ्या टोकाला, गेल्या वर्षी एका मुलीनं इतकं बारकाईनं लिहिलं होतं की ग्राहक कोण ते वहीवरूनच कळत होतं; ती तीन पानं आम्ही तिच्याकडून पुन्हा लिहून घेतली. मधली वाट अशी दिसते:

'सोमवार. सकाळी ९.३० ते दुपारी ४, जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी वजा, ६ तास. अयशस्वी लॉगिनचे ११ अलर्ट तपासले. साधन: वाझू (संगणकांच्या नोंदी तपासून अलर्ट देणारं सॉफ्टवेअर). १० खोटे निघाले, १ वरिष्ठांकडे दिला. अडलं: एकच खातं ठरावीक अंतरानं का अपयशी ठरतंय ते कळेना. शिकले: अंतर मोजायला.'

दर शुक्रवारी मार्गदर्शकाची सही. शेवटी एकदम वीस सह्या एकाच शाईत घेतल्या की परीक्षकाला लांबूनच दिसतं. कंपनीच्या परवानगीनं तिकिटाचा नुसता क्रमांक लिहिता आला तर लिहा: बाहेरच्याला त्यातून काही समजत नाही, आणि कुणी शंका घेतली तर मार्गदर्शक पडताळू शकतो. माझी वही पुन्हा उभी राहिली ती अशा क्रमांकांवरच.

वेळ लिहिताना एक खड्डा आहे. पुष्कळ साधनं नोंदी यूटीसी वेळेत ठेवतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. मी एका नोंदीत लॉगमधली वेळ तशीच उतरवली, ३.३०. मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पहाटे साडेतीनला तू ऑफिसात काय करत होतीस गं?" ते सकाळचे नऊ होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडीला नेमकं तेच धरलं: घड्याळांचा मेळ का लागतो? सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळं जुळवायला सांगितलंय, लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत, आणि ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायला सांगितल्यात. दोन यंत्रांची घड्याळं दहा मिनिटांनी वेगळी असली तर आधी काय घडलं आणि मग काय, हेच ठरत नाही. माझ्या चुकीनं मला त्या प्रश्नाचे गुण मिळाले.

स्कॅनर

त्या अकरा अलर्टमधला एक, ज्याच्यावर माझा अख्खा अहवाल उभा राहिला, त्याची गोष्ट. सोमवारी सकाळी विंडोजच्या ४६२५ क्रमांकाच्या नोंदींचा ढीग दिसला. ४६२५ म्हणजे लॉगिन फसलं, ४६२४ म्हणजे जमलं. सगळ्या एकाच खात्याच्या, एकाच आतल्या पत्त्यावरून. मला वाटलं, सापडला चोर! कुणीतरी पासवर्ड ओळखायचा सपाटा लावलाय. धावत टीम लीडकडे. ऑफिसात त्यांना सगळे नावानं हाक मारत, माझ्या तोंडून शेवटपर्यंत 'सर'च निघालं. सर मान वर न करता म्हणाले, "दोन नोंदींमधलं अंतर मोज."

मोजलं. प्रत्येक वेळी बरोबर पाच मिनिटं. नोंदीतला कारणाचा कोड सांगत होता की खातं खरं आहे, पासवर्ड चुकीचा आहे. लॉगऑनचा प्रकार ३, म्हणजे नेटवर्कवरून. पासवर्ड ओळखणारा चोर इतक्या शिस्तीत, पाच-पाच मिनिटांनी, एकाच खात्यावर, शुक्रवार संध्याकाळपासून कशाला बसेल? शुक्रवारी त्या खात्याचा पासवर्ड बदलला होता. हिशोब विभागातला स्कॅनर कागद स्कॅन करून सामायिक फोल्डरमध्ये टाकायचा, आणि त्याच्या पोटात जुनाच पासवर्ड होता. बिचारा दोन दिवस दार ठोठावत होता.

आता हे अहवालात कसं लिहायचं? कंपनीची नोंद, पत्ता, स्क्रीनशॉट काही नाही. मी तीच घटना घरी उभी केली. मैत्रिणीचा १६ जीबीचा लॅपटॉप मागून आणला, कारण माझ्या ८ जीबीवर दोन आभासी यंत्रं, म्हणजे एकाच लॅपटॉपच्या आत चालणारे दोन संगणक, रडत होती. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक चाचणी परवान्याची विंडोज, एक उबंटू, त्यावर वाझू, जे फुकट आणि मुक्त स्रोत आहे. विंडोजवर एक सामायिक फोल्डर आणि एक खातं केलं, पासवर्ड बदलला, आणि उबंटूवरून दर पाच मिनिटांनी जुन्या पासवर्डनं फोल्डर उघडायचा प्रयत्न करणारी चार ओळींची स्क्रिप्ट लावली. मग धाकट्या भावाला बसवलं आणि सांगितलं, तुला वाटेल ते पासवर्ड टाकत राहा. दोन्हींच्या वेळांचे आलेख शेजारीशेजारी छापले. स्क्रिप्टची रेष पट्टीनं आखल्यासारखी. भावाचा आलेख म्हणजे कोंबडीनं अंगण उकरलेलं, मध्ये एक मोठी फट, तेव्हा तो पाणी प्यायला उठला होता.

परीक्षकांनी त्या पानावर पाच मिनिटं घालवली. कंपनीची एक ओळही त्यात नव्हती, आणि काम मीच केलंय याबद्दल कुणाला शंका राहिली नाही. तुमच्या वाट्याला फिशिंग मेल आले असतील तर स्वतःच्या दोन खात्यांमध्ये मेल पाठवून एसपीएफ आणि डीकेआयएमच्या (मेल खरंच त्याच ठिकाणाहून आलाय का ते तपासायच्या) नोंदी वाचून दाखवा. वेबच्या त्रुटी बघितल्या असतील तर डीव्हीडब्ल्यूए किंवा ज्यूस शॉप ही मुद्दाम कच्ची ठेवलेली ॲप स्वतःच्या यंत्रावर टाका.

स्वतःच्याच यंत्रावर, बरं का. तोंडीला छाप पडावी म्हणून कॉलेजची वेबसाइट स्कॅन करून तिच्यातल्या त्रुटी दाखवणारा एक महाभाग दरवर्षी असतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टीममध्ये शिरणं येतं, आणि ते अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू चांगला होता हे सिद्ध करत बसण्यापेक्षा लेखी परवानगी घ्या, नाहीतर हात लावू नका. कंपनीतसुद्धा 'हा सर्व्हर बघ' असं कुणी चहाच्या टपरीवर म्हणालं, तर ते मेलवर येईपर्यंत थांबा.

शेवटच्या आठवड्यातली धावपळ

प्रमाणपत्राचा मजकूर कंपनीवर सोडू नका, स्वतः टाइप करून एचआरला द्या. लेटरहेड, गुणपत्रिकेवर आहे तसंच पूर्ण नाव, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक), कधीपासून कधीपर्यंत, एकूण तास आकड्यात, कामाचं स्वरूप एका ओळीत, मार्गदर्शकाचं नाव, हुद्दा, सही. आणि शिक्का. आजकाल आयटी कंपन्यांत रबरी शिक्का कुठं असतो ते कुणालाच माहीत नसतं, आणि कॉलेजला शिक्क्याशिवाय कागद कागद वाटत नाही. आमच्या ऑफिसात तो एका कपाटात आहे आणि त्याची किल्ली एकाच माणसाकडे, जो सोमवार-मंगळवारच येतो. आठ दिवस आधी मागा. मार्गदर्शकाचं मूल्यमापन बंद पाकिटात मागत असतील तर पाकीटही तुम्हीच न्या.

लॅपटॉप परत करण्याच्या आदल्या दिवशी वहीची बेरीज करा. १२० ला दोन तास कमी पडत असतील तर ते तेव्हाच, तिथंच भरून निघतात.

कॉलेजनं गुण दिले म्हणजे श्रेयांक खात्यात जमा झाले असं नाही. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं डिजिलॉकरमधून उघडतं, आणि त्यात जमा विद्यापीठ करतं. कंपनीचं प्रमाणपत्र तुम्ही तिथं चढवू शकत नाही. खात्यातले श्रेयांक जास्तीत जास्त ७ वर्षं वापरता येतात. अडतं ते नावापाशी. माझ्या आधारवर आधी माझं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. गुणपत्रिकेवर आडनाव पुढं, आणि वडिलांच्या नावात एक वेलांटी वेगळी. निकाल लागला, बाकीच्यांचे आकडे दिसायला लागले, माझं खातं कोरंच. परीक्षा विभागात आधारची प्रत, गुणपत्रिका आणि ओजेटीचं प्रमाणपत्र घेऊन तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला तिथल्या काकांनी माझ्यासमोरच नाव दुरुस्त केलं आणि विचारलं, "सायबर सुरक्षा म्हणजे तेच ना, ओटीपी कुणाला सांगू नका म्हणतात ते?" मी हो म्हणाले. पुढच्या आठवड्यात खात्यात ४ दिसले.